निवडीच्या शाळा (भाग 4) : झज्जरच्या वर्गात कोण बसतं?

गेल्या आठवड्यात आपण नवोदय या सरकारी निवासी शाळांची निवड परीक्षा पाहिली: 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. तो पेपर सोडवून कोणती मुलं आत पोहोचतात आणि पुढे त्यांचं काय होतं, ते आज पाहू.

1985-86 मध्ये नवोदय विद्यालयांचा प्रयोग दोनच ठिकाणी सुरू झाला. एक आपलं अमरावती, दुसरं दिल्लीच्या पश्चिमेचं हरियाणातलं झज्जर. झज्जर तेव्हा रोहतक जिल्ह्यात होतं. 1997 मध्ये ते स्वतंत्र जिल्हा झालं आणि आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतं. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं ही योजना देशभर नेली. तमिळनाडूनं मात्र ती स्वीकारली नाही.

या शाळांचे निकाल डोळ्यांत भरतात. 2024 च्या सीबीएसई बारावीत नवोदयचा निकाल 98.90 टक्के होता, तर खासगी शाळांचा 87.70 टक्के. सरकारी शाळा खासगी शाळांच्या इतकी पुढे गेली की मलाही मनापासून आनंद होतो. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. सहावीच्या जास्तीत जास्त 80 जागा, आणि त्यासाठी जिल्हाभरातून बसलेली पाचवीची मुलं. ज्यांना अकराव्या वर्षी गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी जमते, त्यातली बहुतेक सतराव्या वर्षी बारावी पास होणारच. मग यात शाळेचं श्रेय किती?

अमेरिकेत हा प्रश्न नीट तपासला गेला. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेश-परीक्षेच्या सरकारी शाळांमध्ये कटऑफच्या किंचित वर राहून आत गेलेली मुलं आणि किंचित खाली राहून बाहेर राहिलेली मुलं यांची तुलना अर्थतज्ज्ञांनी केली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या पुढच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. नवोदयला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होईल, असं मला वाटत नाही. बॉस्टन-न्यूयॉर्कमधलं थोडक्यात हुकलेलं मूल त्याच शहरातल्या दुसऱ्या शाळेत जातं. अमरावतीच्या मेळघाटातली मुलगी एका गुणानं हुकली, तर ती परत कुठे जाते, हे तिथल्या धारणी-चिखलदऱ्याच्या शिक्षकांना विचारावं. नवोदयमध्ये राहणं-जेवण मोफत, शिक्षक आवारातच राहणारे, संध्याकाळचा अभ्यास देखरेखीखाली. सातवी-आठवीपर्यंत मातृभाषेचा आधार, मग गणित-विज्ञान इंग्रजीत. नववीत काही मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. ज्या घरात दिव्याखाली पुस्तक घेऊन बसायला जागा नाही, तिथल्या मुलाला यातून काय मिळतं, ते पासांच्या टक्केवारीत दिसत नाही.

आता मुलं कोण, ते पाहू. जिल्ह्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि किमान एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जाती-जमातींना जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण 15 आणि 7.5 टक्क्यांपेक्षा कमी नाही. 2021-22 पासून ओबीसींना 27 टक्के. नियम एकच, पण जिल्हा बदलला की वर्ग बदलतो. अमरावतीत मेळघाटामुळे कोरकू आणि इतर आदिवासी मुलांचा वाटा मोठा ठरतो. हरियाणात एकही समाज अनुसूचित जमातीच्या यादीत नाही. दिल्लीत मुंगेशपूर आणि जाफरपूर कलां इथे नवोदय आहेत, पण 2011 च्या जनगणनेनुसार दिल्लीची ग्रामीण लोकसंख्या अवघी अडीच टक्के होती.

जिल्हानिहाय जागांची ही कल्पना मला या योजनेतली सगळ्यात मोलाची वाटते. व्हर्जिनियातली थॉमस जेफरसन शाळा अमेरिकेत फार नावाजलेली, आणि तिथे प्रवेश मिळावा म्हणून भारतीय कुटुंबंही झटतात. 2020 मध्ये त्या शाळेनं प्रवेश परीक्षा काढून परिसरातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या आठवीच्या मुलांच्या दीड टक्का जागा राखल्या. पहिल्याच वर्षी आशियाई वंशाच्या मुलांचा वाटा सुमारे 73 वरून 54 टक्क्यांवर आला. प्रकरण कोर्टात गेलं. 2024 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते सुनावणीला घेतलं नाही. प्रत्येक प्रदेशाला त्याचा वाटा द्यायचा, हे आपण साडेतीन दशकं आधीच ठरवलं होतं, तेही परीक्षा कायम ठेवून.

पण ‘ग्रामीण’ या एका रकान्यात फार मोठं अंतर लपतं. गावातल्या शिक्षकाचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी दोघंही ग्रामीणच. आपल्याकडे ‘स्कॉलरशिप-नवोदय’चे क्लास तालुक्या-तालुक्यात चालतात, आणि फी कोण भरू शकतं ते उघड आहे.

याहून मोठी अडचण पात्रतेच्या अटीत आहे. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण सत्र शिकलेलं असावं लागतं. पाचवी त्याच जिल्ह्यात झालेली असावी लागते. खोटे दाखले रोखायला ही अट हवीच. पण झज्जर वीटभट्ट्यांचा जिल्हा आहे. बिहार, उत्तर प्रदेशातून मजूर कुटुंबं हंगामात तिथे येतात आणि पावसाळ्याआधी परततात. त्यांच्या मुलांचं पूर्ण सत्र ना गावी होतं ना भट्टीवर. मेळघाटातून कामासाठी बाहेर पडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचंही तेच. ज्या मुलांसाठी निवासी शाळा सगळ्यात गरजेची, नेमकी तीच अर्ज भरण्याआधीच गळतात.

माझ्या मते या मुलांसाठी अट बदलायला हवी. तीन वर्षांत शाळा बदलली तरी सगळ्या शाळांमधली हजेरी एकत्र मोजावी, आणि पाचवीचा जिल्हा कोणता हे पालकांच्या कामाच्या दाखल्यावरून ठरवू द्यावं. शिवाय निकालासोबत नवोदय विद्यालय समितीनं आणखी एक आकडा दरवर्षी छापावा: सहावीत घेतलेल्या मुलांपैकी किती जणांच्या आई-वडिलांनी दहावीही पाहिलेली नाही.

पुढच्या आठवड्यात : दिल्ली सरकारची राजकीय प्रतिभा विकास विद्यालयं.