पाटीलबावांची पत्रे कोणाच्या घरी?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एखादा पत्ता विचारत हिंडले, की अठरावे शतक पावलोपावली भेटते. कोणी ‘कंपू’कडे वळायला सांगतो. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. कोणी ‘शिंदे की छावनी’चे नाव घेतो. ‘फालका बाजार’ या नावात तर फाळके सरदारांचे घराणे सरळच बसलेले आहे. ‘लष्कर’ हे नावही मुळात छावणीचे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि तो पुन्हा हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, बाजाराच्या पालांची दुकाने झाली.

ज्यांच्या कर्तबगारीवर हे शहर उभे राहिले, त्या महादजी शिंद्यांनी मात्र हे शहर पाहिलेच नाही. ग्वाल्हेरचा किल्ला त्यांना ठाऊक होता. १७८० मध्ये इंग्रजांनी तो त्यांच्याकडून घेतला आणि १७८३ मध्ये महादजींनी तो पुन्हा जिंकला. पण त्यांचे आयुष्य गेले ते तळावर: उज्जैन, मथुरा, दिल्ली आणि राजस्थानातल्या मोहिमा. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी त्यांचा अंत झाला, तोही पुण्याजवळ वानवडीच्या छावणीत. तिथे आज त्यांची छत्री आहे. घर असे एका जागी नव्हतेच, मग घरातले कागद एका जागी कुठून असणार?

महादजी आयुष्यभर लढले, पण त्यांच्या हातात लेखणीही होती. मथुरा-वृंदावनच्या मुक्कामांत त्यांचे मन कृष्णभक्तीत रमे आणि मराठीत व हिंदीत ते पदे रचत. गोमंतकाच्या सीमेवरल्या बांद्याचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्याशी त्यांच्या झालेल्या भेटीची आख्यायिका तळकोकणात आणि गोव्यात अजून सांगितली जाते. महादजींनी आपली कविता नाथांपुढे ठेवली आणि नाथांनी तिची स्तुती करण्यास साफ नकार दिला, असे तिचे सार. ही भेट घडवून आणणारे म्हणून जिवबादादा बक्षींचे नाव घेतात. ते मूळचे गोव्याचे. आख्यायिकेतले सगळे तपशील कागदावर सिद्ध होणार नाहीत. पण एवढा बलाढ्य सरदार आपली कविता एका निःसंग माणसापुढे अभिप्रायासाठी ठेवतो, ही गोष्ट लोकांनी जपून ठेवली, हे महत्त्वाचे आहे.

महादजींची पत्रे शोधायला निघालेल्याला एक साधी गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. पत्र लिहिणाऱ्याजवळ राहत नाही. ते ज्याला लिहिले त्याच्या घरी जाऊन पडते. लिहिणाऱ्याच्या दप्तरात उरतो तो फार तर मसुदा किंवा नक्कल. आणि हे दप्तरही तळाबरोबर फिरणारे, पावसापाण्यात भिजणारे. म्हणून महादजींचे मन वाचायचे तर त्यांच्या नव्हे, दुसऱ्यांच्या घरची कपाटे उघडावी लागतात.

ग्वाल्हेरच्या आनंदराव भाऊ फाळके यांनी नेमके हेच केले. फाळके स्वतः शिंदेशाहीतल्या सरदार घराण्याचे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात त्यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ ही मालिका काढली आणि तिच्यासाठी कागद मिळवले ते राजस्थानातल्या कोट्याहून. कोट्याला गुळगुळे नावाचे मराठी घराणे होते. शिंद्यांच्या वतीने त्या भागातली खंडणी वसूल करणे आणि राजस्थानची बातमी ठेवणे हे त्यांचे काम. लालाजी बल्लाळ गुळगुळे हे त्यांतले ठळक नाव. वर्षानुवर्षे शिंद्यांकडून आलेली पत्रे या घराण्याने रुमालांत बांधून सांभाळली. आज अभ्यासक ज्याला ‘गुळगुळे दप्तर’ म्हणतात ते हेच. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावर लिहिताना सर जदुनाथ सरकारांनी ते वापरले आणि त्याच्या नकला माळव्यात सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानापर्यंत पोहोचल्या.

अशा दप्तरांत तलवारीचा खणखणाट कमी आणि पैशाचा विषय जास्त असतो. त्यामुळेच ती मोलाची आहेत. बखरीत लढाई एका दिवसात होते. पत्रांत मात्र तिच्या आधीचे कित्येक महिने दिसतात: कोणाकडे किती बाकी, कोणाच्या हुंड्या वटल्या नाहीत, कोणत्या पलटणीचा पगार तुंबला. १७८७ मध्ये लालसोटच्या लढाईच्या वेळी मुहंमद बेग हमदानीसारखा सरदार महादजींना सोडून जयपूरकरांना मिळाला. अशा फितुरीची पाळेमुळे रणावर सापडत नाहीत, ती हिशेबाच्या कागदात सापडतात.

हे कागद वाचणे म्हणजे एक विद्याच आहे. लिपी मोडी. आधी तावावर आडवी रेघ मारायची आणि मग बोरूने तिच्याखाली अक्षरे लोंबवत न्यायची. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. एकच विशेषनाम तिघे तीन प्रकारे वाचतात. सुरुवातीला ‘राजश्री’, मग आशीर्वाद, दंडवत किंवा रामराम, मग ‘विनंती उपरि येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’. हे सगळे ठरलेले. पुढे ‘विशेष’ हा शब्द आला की डोळे सावध करायचे, कारण खरे पत्र तिथून सुरू होते. ‘बहुत काय लिहिणे’ आले की ते संपले.

तारखेचे कोडे त्याहून मोठे. महिने हिजरी, तिथी ‘छ’ म्हणजे चंद्राची, आणि वर्ष बहुधा लिहिलेलेच नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीत होते, मग लिहायचे कशाला? लिहिलेच तर अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून सुरू होणारे १७६०-६१ हे पानिपताचे साल हाती येते. वर्ष नसेल तर मजकुरातला एखादा मुक्काम, एखाद्याचा मृत्यू किंवा एखादा तह पकडून पत्र जागेवर बसवावे लागते. ते एका वर्षाने चुकले की मित्र शत्रू ठरतो.

आणि ‘पैवस्ती’. पत्र हाती पडले की घेणारा त्यावर ते पोहोचल्याची तारीख टाके. लिहिल्याची तारीख आणि पैवस्ती यांतले अंतर मोजले की जासुदांची जोडी किती दिवस चालली ते कळते. पुण्याचा हुकूम उत्तरेत पोहोचेपर्यंत परिस्थिती पालटलेली असे. नाना फडणीस आणि महादजी यांच्यातल्या कुरबुरींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या कुरबुरींत स्वभावाचा वाटा किती आणि या दिवसांच्या अंतराचा किती, हे पैवस्त्या मोजल्याशिवाय ठरवू नये. समकालीन पत्रांत महादजींचा उल्लेख ‘पाटीलबावा’ असा येतो. बादशहाकडून वकील-इ-मुतलक ही पदवी मिळाल्यावरही कन्हेरखेडच्या या घराण्याने आपले पाटीलपण सोडले नाही.

महादजींविषयीचे कागद ग्रंथरूपाने एकत्र आले ते १९३७ मध्ये. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी ते संपादिले आणि ग्वाल्हेर दरबारने छापले. त्याच्या आदल्याच वर्षी पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचा महादजींवरचा खंड जदुनाथांच्या संपादनाखाली निघाला होता. एकीकडे मराठी कारकुनाचे मोडी कागद, दुसरीकडे इंग्रज वकिलांचे खलिते. एकाच घटनेच्या या दोन बाजू वर्षाच्या अंतराने छापून निघाल्या. सरदेसाई कामशेतला राहत आणि जदुनाथ तिथे त्यांच्याकडे येऊन मुक्काम करत. एका मराठी आणि एका बंगाली विद्वानाच्या या दीर्घ मैत्रीला मराठी इतिहासाने कृतज्ञ राहायला हवे.

कागद जपण्याची ही धडपड केवळ आपल्याकडचीच नव्हती. त्याच १९३७ मध्ये लंडनला ‘इन पॅरेन्थेसिस’ नावाचे काव्य प्रसिद्ध झाले. कवी डेव्हिड जोन्स, वडील वेल्श, स्वतः पहिल्या महायुद्धात रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पलटणीत साधा शिपाई. जुलै १९१६ मध्ये मामेट्झच्या रानात त्याच्या पायाला गोळी लागली. त्या आठवणीचे काव्य व्हायला वीस वर्षे जावी लागली. त्याचे कागद आज वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १९०७ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाने आपल्या भाषेचे आणि लोकांचे कागद गोळा करणे हेच आपले काम मानले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१० मध्ये, पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. दोन्हीकडची तळमळ एकाच जातीची होती.

महादजींचीही जखम पायाचीच. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. पानिपतावरून निघालेल्या महादजींचा एका अफगाण स्वाराने पाठलाग केला, गाठून वार केला आणि मेला समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलले आणि आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले आणि मोठ्या पदाला चढवले. हा पाय कायमचा अधू राहिला. त्या स्वाराची आकृती महादजींना पुढे दीर्घ काळ झोपेत दिसे, असे जॉन माल्कमने १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात नोंदवले आहे. माल्कमही शिपाई आणि लेखक, स्कॉटलंडचा. दुःस्वप्नाची ही नोंद सरकारी पत्रांत येणे शक्य नव्हते. ती तोंडी फिरत राहिली आणि परक्या माणसाच्या पुस्तकात टिकली.

परक्यांनी टिकवलेले आणखीही आहे. टॉमस ड्युअर ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये रेसिडेंटाबरोबरच्या तुकडीचा प्रमुख म्हणून महादजींचे वारस दौलतराव यांच्या तळावर होता. तिथून त्याने भावाला लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला छापली गेली. होळीचा रंग, तळावरचा बाजार, थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसलेले शिपाई, असे सगळे त्यांत आहे, आणि सोबत हिंदी चित्रकाराच्या चित्रांवरून केलेली रंगीत चित्रे. ब्रॉटनला मराठ्यांविषयी फारशी आस्था नव्हती आणि त्याचे कित्येक शेरे अन्यायाचे आहेत. पण फिरत्या छावणीचा रोजचा दिवस असा मराठी कागदांत क्वचितच सापडतो. आपल्या कारकुनाला तो लिहिण्याजोगा वाटला नाही, कारण तो त्याच्या भोवती रोजच होता.

महादजींच्या कवायती फौजेचा शिल्पकार बन्वा द ब्वान्य हा सव्हॉयमधल्या शांबेरीचा. मराठी कागदांत तो ‘डिबॉईन’ होतो. १७८४ मध्ये तो महादजींच्या चाकरीत आला, त्यांच्या मृत्यूनंतर युरोपला परतला आणि १८३० मध्ये वारला. शांबेरीच्या चौकात त्याच्या स्मरणार्थ हत्तींचे कारंजे आहे. त्याने बरोबर नेलेले हिंदुस्थानातले कागद त्याच्या वंशजांनी पिढ्यान्पिढ्या जपले. ग्वाल्हेरच्या ‘कंपू’चा अर्धा इतिहास असा आल्प्सच्या कुशीत जाऊन बसला आहे.

या सगळ्यात ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांचा वाटा अजून मोठा असू शकतो. लष्करातल्या या घराण्यांचे पूर्वज शिलेदार होते, कारकून होते, पुजारी होते. घरात बोलणे आता अर्धे हिंदी झाले, मोडी वाचणारे आजोबा गेले, आणि माळ्यावरच्या पेटीतले रुमाल म्हणजे ‘काहीतरी जुने जमिनीचे कागद’ एवढीच ओळख उरली. वाडे पाडून इमारती उठत आहेत. पेटी हलवण्याच्या दिवशीच कागदांचे भवितव्य ठरते, आणि त्या दिवशी घरात सगळ्यांनाच घाई असते.

म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगाव्याशा वाटतात. रुमाल सुटला तरी कागदांचा क्रम मोडू नये, कारण शेजारचा कागद वर्ष ठरवायला मदत करतो. वाळून कडक झालेली घडी जोर लावून उलगडू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक काही वर्षांत कागद खातो. लखोटा पत्रापासून वेगळा करू नये. मोबाइलवर फोटो काढताना नुसती पुढची बाजू घेऊन थांबू नये. कागद हलक्या हाताने उलटावा आणि पाठही टिपावी. कोपऱ्यात चंद्राची तिथी आणि एक अरबी महिना दिसला, तर ती पैवस्ती असेल.