तेल बदलण्याआधी तपासा

प्रेस किंवा इंजेक्शन मोल्डिंग मशीनचं हायड्रॉलिक तेल काळं पडलं की बदलायचं, असा हिशेब शॉपफ्लोअरवर सर्रास चालतो. रंगावर एवढं विसंबू नये. नुसत्या डोळ्यांना साधारण 40 मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहीत, आणि सर्व्हो व्हॉल्व्हमधली फट असते जेमतेम काही मायक्रॉनची. घात करतात ते हेच न दिसणारे कण.

म्हणून प्रयोगशाळेत ते मोजतात. अहवालात आयएसओ 4406 प्रमाणे 18/16/13 असे तीन आकडे येतात. एक मिलिलिटर तेलात 4, 6 आणि 14 मायक्रॉनहून मोठे कण किती, याचे ते संकेतांक. 18 म्हणजे 1,300 ते 2,500 कण; आकडा एकाने वाढला की कण जवळपास दुप्पट. नव्या बॅरलमधलं तेलही पुष्कळदा या कसोटीला उतरत नाही, तेव्हा ते गाळूनच टाकीत भरावं.

पाण्याची शंका जागेवर फिटते. तापलेल्या हॉटप्लेटवर थेंब टाकावा (गॉगल घालून!), तडतडला तर तेलात पाणी आहे. मग आधी ऑइल कूलर तपासावा.

सगळं अडतं ते नमुन्यापाशी. तो मशीन चालू असताना, रिटर्न लाइनवर फिल्टरच्या आधी, थोडं तेल वाहू देऊन स्वच्छ बाटलीत घ्यावा. पाण्याच्या जुन्या बाटलीत टाकीच्या तळाचं तेल भरून पाठवलं, तर अहवाल गाळाचा आणि बाटलीचा येतो. एकटा अहवाल फारसं बोलत नाही. पण तांब्याचं प्रमाण दर वेळी चढत असेल, तर पंप उघडून बुश पाहावेत.