सिस्टरच्या मनाचा ताप

आजारी लेकराचा ताप सिस्टर मोजतात, तक्त्यावर लिहितात. त्यांच्या मनाचा ताप कोण मोजणार?

गुलबर्ग्यात मुलांच्या वॉर्डात आळंदकडची मराठी आई आणि सेडमची कन्नड आई, दोघींना उत्तर द्यायचे ते सिस्टरनेच. लेकराला काय हवे हे तिला कळते. पण कधी खाट अपुरी, कधी हात अपुरे, कधी निर्णय दुसऱ्याचा. योग्य काय ते ठाऊक असून करता न येण्याच्या या घुसमटीला अमेरिकेतील अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नाव दिले: नैतिक क्लेश. थकवा झोपेने उतरतो, हा क्लेश साचत जातो.

मेरी कॉर्ली यांनी २००१ मध्ये त्याची मोजपट्टी मांडली. २०१२ च्या सुधारित पट्टीत २१ प्रसंग आहेत आणि मुलांच्या वॉर्डासाठी वेगळी प्रत आहे. प्रसंग किती वेळा येतो आणि किती बोचतो, दोन्हींना ० ते ४ गुण. त्यांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची, कमाल ३३६. बोचणारा पण कधीच न घडणारा प्रसंग आपोआप शून्य होतो. २०१३ मध्ये आलेल्या 'थर्मामीटर'मध्ये तर ० ते १० पैकी एकच आकडा सांगायचा.

आकडा चढला म्हणजे सिस्टर कच्ची, असे नव्हे. वॉर्डात काहीतरी कमी आहे, याची ती खूण. मोजून कागद फाइलीत गेला, तर मात्र उपयोग नाही.

मराठीत संकट बाहेरून येते. कन्नडमध्ये 'संकट आगतद' म्हटले की आतले दुखणे कळते. सिस्टरच्या बाबतीत दोन्ही अर्थ खरे आहेत.