दंतवैद्यकातील सुवर्ण : सव्वाशे वर्षांचा मागोवा

इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतील एट्रुस्कन कारागिरांनी सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधल्याचे पुरावे आहेत, आणि किडलेल्या दाढेत सोन्याचा वर्ख भरण्याचा उल्लेख युरोपात पंधराव्या शतकात सापडतो. परंतु या धातूचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम करून घेण्याचा काळ खऱ्या अर्थाने १८५५ साली सुरू झाला. त्या वर्षी रॉबर्ट आर्थर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवून दिले की, सोन्याचा पातळ पत्रा ज्योतीवर तापवून त्याच्या पृष्ठभागावरील वायू व मळ घालविला, तर थंड झाल्यावरही त्याचे तुकडे केवळ दाबाने एकजीव होतात. लोखंड किंवा तांबे हे करू शकत नाही, कारण त्यांच्यावर ऑक्साइडाचा पापुद्रा सदैव आड येतो. सोन्याचा अणू आपला बाह्यतम इलेक्ट्रॉन असा घट्ट धरून असतो की, प्राणवायूचे त्याच्यापुढे काही चालत नाही, लाळेचे आणि चिंचेच्या आंबटपणाचेही नाही. त्याला विरघळवायला नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन अम्ले एकत्र यावी लागतात, एकाने इलेक्ट्रॉन काढून घ्यावा व दुसऱ्याच्या क्लोराइडने त्या आयनाला तत्काळ वेढून टाकावे.

आर्थरच्या रीतीने दात भरणे हे मोठ्या चिकाटीचे काम होते. चिमट्यात धरलेली सोन्याची बारीक गोळी स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर लाल करावी, पोकळीत ठेवावी, टोकदार दट्ट्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन बसवावी, आणि मग पुढची गोळी घ्यावी. असे थरावर थर चढत, आणि मध्येच लाळेचा एक थेंब शिरला तर पुढचा थर धरत नसे. म्हणूनच १८६४ साली सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने दाताभोवती रबराचा पडदा ताणण्याची जी युक्ती काढली, ती मला या इतिहासातील सर्वांत उपकारक गोष्ट वाटते.  

१९०७ साली विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने सोने ओतण्याची रीत पुढे आणली आणि या कामाचे स्वरूपच पालटले. दाताच्या पोकळीत बसणारा मेणाचा नमुना करायचा, तो साच्याच्या लुकणात पुरायचा, मेण जाळून टाकायचे आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेले सोने वायूच्या दाबाने लोटायचे, ही आपल्या ओतारी कारागिरांना अनादि काळापासून ठाऊक असलेली विद्या. मात्र येथे केसाएवढी तफावतही चालत नाही, आणि सोने तर गोठून थंड होताना लांबीत सुमारे दीड टक्का आकसते. ती तूट साच्यातील सिलिकेच्या प्रसरणाने भरून काढण्यात पुढच्या संशोधकांची कित्येक वर्षे खर्ची पडली. टॅगर्टने पेटंट घेऊन दावे लावले, परंतु अमेरिकेच्या आयोवा राज्यातील फिलब्रुक या दंतवैद्याने १८९७ सालीच अशी रीत वर्णिली होती असे निष्पन्न होऊन ते पेटंट रद्दबातल ठरले.

शुद्ध सोने चावण्याच्या कामाला मऊ पडते. म्हणून त्यात तांबे, चांदी, प्लॅटिनम व पॅलेडियम मिसळीत. तांब्याचे लहान अणू सोन्याच्या जाळीत ताण निर्माण करतात, आणि ओतीव तुकडा सावकाश निवविला तर ते नेमक्या जागा धरून धातूला अधिक कठीण करतात. मौल्यवान धातूंचा वाटा साधारण तीन चतुर्थांशांखाली जाऊ द्यायचा नाही, असा दीर्घकाळ दंडक होता. नाहीतर चांदी गंधकाने काळवंडे.

१९३४ पासून अमेरिकेत सोन्याचा औंसाला ३५ डॉलर असा सरकारी दर ठरलेला होता, आणि त्या स्थिर भावाच्या छायेत ही कला नांदली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले. जानेवारी १९८० मध्ये भाव ८५० डॉलरांपर्यंत चढला. तोवर धातूवर चिनीमाती भाजून दातासारखी दिसणारी टोपी करण्याची पद्धतही प्रस्थापित झाली होती. बाजारभाव आणि आरसा यांनी सोन्याला बाजूला सारले. रसायनशास्त्राच्या कसोटीवर मात्र ते कधीच हरले नव्हते. खडबडीत झालेली चिनीमाती समोरच्या निरोगी दाताला घासून झिजविते, तर सोन्याचे मिश्रण दाताच्या कवचाच्या बरोबरीने झिजते, आणि कडेला इतके चापून बसविता येते की तेथे किडीला वाव राहत नाही; त्यामुळे हसताना न दिसणाऱ्या मागच्या दाढेसाठी आजही काही जाणते दंतवैद्य सोन्याचाच आग्रह धरतात, आणि मला तो आग्रह सर्वस्वी रास्त वाटतो.