कुलूप, तिजोरी आणि अर्देशीर गोदरेज

घराला दार असते. दाराला कडी असते. कडीला कुलूप असते. बाहेरगावी निघालो की आपण कुलूप लावतो, दोनदा ओढून पाहतो, आणि किल्ली करदोट्याला नाहीतर पदराला बांधतो. मग निर्धास्तपणे एस.टी.त जाऊन बसतो. कोणाच्या भरवशावर? त्या मूठभर लोखंडाच्या भरवशावर.

आज नाशिकला गंगापूर रोडने गेले तर मोठमोठे बंगले दिसतात. अशा काही घरांत दाराला किल्लीच लागत नाही. बोटाचा ठसा लावला की दार उघडते. दाराशी कोण उभे आहे ते मालकाला मोबाइलवर दिसते. अशा घरांसाठी यंत्रे आखून देणे, ती बसवणे, हा आता एक धंदाच झाला आहे. त्यात इंजिनियर आहेत, वायरमन आहेत, सुतारही आहेत.

पण घर राखणारी यंत्रे आपल्या देशात आपल्या हातांनी बनवावीत असा ध्यास घेतलेला एक माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत होऊन गेला. त्याचे नाव अर्देशीर गोदरेज. हे नाव तुम्ही कपाटावर वाचले असेल, कुलपावर वाचले असेल. आता त्या नावामागचा माणूस पाहू. त्याचे शेवटचे दिवस आपल्या नाशिकला गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

वकिली सोडली

अर्देशीर यांचा जन्म १८६८ साली मुंबईत एका पारशी घरात झाला. ते सहा भावंडांत थोरले. घर खाऊनपिऊन सुखी होते. ते कायदा शिकले आणि वकील झाले.

१८९४ साली एका खटल्यासाठी त्यांना आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर पाठवले. खटला चालू असताना एक अडचण आली. अशिलाच्या बाजूने जे बोलायचे होते, ते खरे आहे याची अर्देशीर यांना खात्री वाटेना. लोकांनी समजावले, "अहो, वकिलाने अशिलाची बाजू मांडायची असते." पण ते काही ऐकेनात. ज्याची खात्री नाही ते मी बोलणार नाही, असे म्हणून त्यांनी काम सोडले, आणि पुढे वकिलीही सोडली.

आता सांगा, शिकलेला मुलगा हातची वकिली सोडून घरी आला, तर आपल्या गावात लोक काय म्हणतील? तिथेही तसेच म्हणाले असतील.

त्यांच्या घरातले दुःखही मोठे होते. १८९० साली त्यांचे लग्न झाले होते. पत्नीचे नाव बाचूबाई. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या एप्रिलात, बाचूबाई आणि त्यांच्या नात्यातली एक मुलगी मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून पडून मरण पावल्या. साऱ्या मुंबईत हळहळ झाली. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. पुढचे सारे आयुष्य त्यांनी कामाला वाहिले.

पहिला धंदा बुडाला

वकिली सोडल्यावर अर्देशीर एका औषधवाल्याकडे नोकरीला राहिले. डॉक्टर लोक शस्त्रक्रियेसाठी चाकू, चिमटे वापरतात. ही हत्यारे विलायतेहून येत. अर्देशीर म्हणाले, ही आपण का करू नयेत?

भांडवल पाहिजे होते. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये उसने घेतले. "वडिलांकडे का नाही मागत?" असे कामांनी विचारले. तेव्हा अर्देशीर म्हणाले, वडील पैसे देतील, पण कर्ज म्हणून नव्हे, देणगी म्हणून देतील. असे सांगतात.

हत्यारे तयार झाली. माल चांगला होता. माल घेणारा व्यापारी इंग्रज होता. त्याला माल पसंत पडला, पण त्यावर 'हिंदुस्थानात बनवलेले' असा छाप नको होता. तसा छाप असला तर कोण घेईल, असे त्याचे म्हणणे. अर्देशीर म्हणाले, माल हिंदुस्थानचा, तर छापही हिंदुस्थानचाच पडेल. बोलणे फिसकटले. धंदा बसला आणि उसने पैसेही अडकले.

कुलपाची सुरुवात

त्या काळी मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. वर्तमानपत्रांत रोज त्याची चर्चा असे. त्या बातम्या वाचून अर्देशीर यांना नवा धंदा सुचला. लोकांना चांगले कुलूप हवे आहे. ते पुन्हा कामांकडे गेले. आणि कामांनी पुन्हा पैसे दिले! पहिले पैसे बुडाले होते तरी दिले. धंदा बुडाला होता, पण माणसाची पत बुडाली नव्हती.

७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, एका लहानशा शेडमध्ये काम सुरू झाले. जागा सुमारे २१५ चौरस फूट. म्हणजे आपल्या घराची एक मोठी खोली. कारागीर दहा-बारा. पुढे कामांच्या पुतण्याला भागीदार करून घेतले. त्यांचे आडनाव बॉइस. ते लवकरच धंद्यातून बाहेर पडले, पण 'गोदरेज आणि बॉइस' हे नाव तसेच राहिले.

कुलपात असते काय?

आता कुलूप आतून पाहू. कुलपात एक दांडा असतो. दांडा पुढे सरकला की कुलूप लागते, मागे सरकला की उघडते. दांड्याच्या वाटेत पातळ पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येक पट्टीला एक खाच असते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या म्हणजेच दांड्याला वाट मिळते. एक जरी पट्टी वर किंवा खाली राहिली, तर दांडा अडतो.

असे समजा की एका वाटेवर ओळीने सहा फाटके आहेत. सहाही फाटके एकदम उघडली तरच बैलगाडी जाईल. पाच उघडली आणि एक बंद राहिले, तर गाडी तिथेच थांबली. किल्लीच्या दातांचे काम हेच. प्रत्येक दात आपापली पट्टी नेमकी लागेल तेवढीच उचलतो. कमी नाही, जास्त नाही.

दुकानदार "सहा लिव्हरचे देऊ का सात लिव्हरचे?" असे विचारतो ते यासाठी. पट्ट्या जितक्या जास्त, तितके खोट्या किल्लीने कुलूप उघडणे अवघड.

पट्टी पुन्हा जागेवर बसावी म्हणून तिला स्प्रिंग लावतात. पण स्प्रिंग गंजते, ढिली पडते, तुटते. मग कुलूप घरच्यालाच उघडेना होते. अर्देशीर यांनी यावर पुष्कळ विचार केला आणि पुढे स्प्रिंग नसलेले कुलूप काढले. कुलूप एवढीशी वस्तू. पण त्यातला प्रत्येक तुकडा केसभर चुकला तरी चालत नाही.

आगीत न जळणारी पेटी

कुलूप गरिबाच्या घरी असते आणि श्रीमंताच्याही. तिजोरी मात्र श्रीमंताच्या घरची. व्यापारी, सावकार, पेढीवाले तिजोरी ठेवत. चांगली तिजोरी विलायतेहून मागवावी लागे. १९०२ साली गोदरेजची पहिली तिजोरी तयार झाली.

तिजोरीला दोन शत्रू. एक चोर, दुसरी आग. चोरासाठी जाड पोलाद आणि चांगले कुलूप पाहिजे. पण आगीचे काय? लोखंड जळत नाही हे खरे. पण ते तापते. चुलीवरचा तवा पहा. तवा जळत नाही, पण त्यावरची भाकरी करपते. तसेच तिजोरी शाबूत राहिली आणि आतल्या नोटा, कागद करपले, तर उपयोग काय?

यावर युक्ती अशी. तिजोरीची भिंत दुहेरी करायची. दोन पत्र्यांच्या मध्ये उष्णता जाऊ न देणारी वस्तू भरायची. ही युक्ती आपल्या बायकांना ठाऊक आहे. रात्री निखाऱ्यावर राख ओढली, तर सकाळपर्यंत निखारा जिवंत राहतो. राख आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तिजोरीत हेच उलटे असते. बाहेरची उष्णता आत जाऊ द्यायची नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा भयंकर स्फोट झाला. आजूबाजूची वस्ती जळाली. शेकडो माणसे दगावली. त्या आगीत सापडलेल्या गोदरेजच्या तिजोऱ्या नंतर उघडल्या, तेव्हा आतला ऐवज सुखरूप निघाला. अर्देशीर तेव्हा हयात नव्हते. त्यांचे काम हयात होते.

नाशिकची शेती

अर्देशीर कुलपातिजोरीवर थांबले नाहीत. त्या काळी साबणात जनावरांची चरबी घालत. पुष्कळांना ते पटत नसे. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास त्यांनी निव्वळ वनस्पती तेलाचा अंगाचा साबण काढला. स्वदेशीवर त्यांची श्रद्धा होती. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. त्या काळचे तीन लाख! पण आपला माल स्वदेशी आहे, म्हणून हलका असला तरी घ्या, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. आधी माल चांगला करा, मग लोकांकडे जा, असे त्यांचे मत.

धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले होते. ते हिशेबाला, कारभाराला हुशार. १९२८ साली अर्देशीर यांनी सारा धंदा भावाच्या स्वाधीन केला आणि स्वतः नाशिकला येऊन शेती करू लागले. वय साठ वर्षांचे.

शेतीत त्यांना फारसे यश आले नाही. तुम्हां-आम्हांला यात नवल वाटणार नाही. कुलपातली पट्टी कानशीने घासली की मापात येते. पाऊस काही कोणाच्या कानशीने मापात येत नाही. पोलादाला टोळ खात नाही, तांबेरा लागत नाही. ज्याने विलायतेच्या कारखान्यांशी टक्कर घेतली, त्याला काळ्या जमिनीने हात टेकायला लावले. शेतकऱ्याचे काम किती अवघड आहे, हे यावरून कळावे. १९३६ च्या जानेवारीत अर्देशीर वारले.

पिरोजशांनी पुढे मुंबईजवळ विक्रोळीला मोठा कारखाना उभारला. १९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली मोठी निवडणूक झाली. तेव्हा लोखंडी मतपेट्या लागल्या. लाखो पेट्या विक्रोळीला तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावावे तर खर्च वाढत होता. म्हणून पेटीतच आतून बंद होणारी कळ बसवली. आपल्या आजा-आजींनी ज्या पेट्यांत पहिले मत टाकले, त्यांतल्या कितीतरी पेट्या तिथल्या कामगारांच्या हातच्या होत्या.

आपल्या मुलांसाठी

हे सारे वाचून कोणी म्हणेल, ही मोठ्या लोकांची गोष्ट, आपल्याला काय तिचे? तसे नाही. लालबागच्या शेडमधले कारागीर पगडीवाले शेठ नव्हते. तुमच्याआमच्यासारखेच हाताने काम करणारे होते. आज हे काम शिकायची सोय आपल्या जिल्ह्यात आहे. नाशिकला सातपूरला सरकारी आय.टी.आय. आहे. दहावीनंतर मुलामुलींना तिथे फिटर, इलेक्ट्रिशियन असे धंदे शिकता येतात. हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांना असे हात लागतात. बंगल्यात मोबाइलवर उघडणारे दार बसवायलाही शेवटी वायर जोडणारा, दांडा मापात बसवणारा माणूसच लागतो.

मात्र या कामात एक गोष्ट आधी लागते. दुसऱ्याच्या घराचे कुलूप जो बसवतो, त्याला त्या घराची सगळी वाट ठाऊक होते. दागिने कुठे, कागद कुठे, दार कसे उघडते, सारे त्याला कळते. घरधनी ते त्याच्यापुढे उघडे करतो तो विश्वासावर. हात कितीही कसबी असला आणि हा विश्वास नसला, तर त्याला दुसऱ्यांदा कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

शेवटी आपल्या कामाच्या दोन गोष्टी. बाजारात कुलूप घ्याल तेव्हा किल्ल्या किती आहेत ते मोजून घ्या आणि प्रत्येक किल्ली लावून पहा. आणि दुसरी गोष्ट. आजकाल आपल्यापाशी आणखी एक किल्ली आली आहे. बँकेच्या कार्डाचे चार आकडे आणि मोबाइलवर येणारा नंबर, हीसुद्धा किल्लीच आहे. फोनवर कोणी गोड बोलून ते आकडे विचारले, तर सांगू नका. मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो, नाहीतर आणखी कोणी. कुलूप सात लिव्हरचे असो की सत्तर लिव्हरचे, आपणच चोराच्या हाती किल्ली दिली तर बिचारे कुलूप काय करील?