माहूरच्या वाटेवरील व्याघ्रलीळा

माहूरच्या यात्रेस आलेल्या फलटणच्या श्रीचक्रपाणींच्या मस्तकीं श्रीदत्तात्रेयांनीं व्याघ्रवेषानें पंजा ठेविला, अशी लीळा महानुभाव वाङ्मयांत आहे. तिला निव्वळ रूपक समजणें आम्हांस पटत नाहीं. धर्माबादेहून मुदखेड-किनवटमार्गें माहुरास जावें व मेरुवाळें तळ्यापासून डोंगर पायीं चढावा. त्या काळच्या यात्रेकरूस येथें वाघाचें भय खरेंच होतें, हें तेव्हां कळतें. पैनगंगेकांठच्या सागवानी रानाचा कांहीं भाग आज अभयारण्य आहे. वाघास तर १९७२ च्या कायद्याचें संरक्षण आहे. सांकेतिक ‘सकळ’ लिपींतून पोथी उतरतांना स्थळनामें बिघडण्याचा संभव मोठा. म्हणून संग्राहकांनीं ‘मेरुवाळें’, ‘देवदेवेश्वर’ हे पाठ या वाटेवर पडताळून मगच पाठभेद नोंदवावे.