वाळवंटाच्या काठचं ओलं बाळपण
लेखमाला: घरातले परदेशी पाहुणे, लेखांक ५

मागचे दोन लेखांक परदेशी पोपटांवर गेले. या आठवड्याचा विषय भिवापूरहून आलेल्या एका प्रश्नाने ठरवून टाकला. नागपूरच्या एका परिचिताला सांभाळणं जमेना, म्हणून आफ्रिकन सुलकाटा कासवाचं पिल्लू भिवापूरच्या या घरी आलं. वजन जेमतेम चाळीस ग्रॅम, मुठीत मावतं. प्रश्न असा, की आमच्याकडे नवतपात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, घर टिनाचं आहे, वाळवंटातल्या जिवाला आणखी काय हवं? उत्तर लांबणार आहे. कारण हे कासव वाळवंटाचं आहे म्हणून त्याला कोरडं ठेवायचं, या समजुतीपायीच अशी पिल्लं सर्वांत जास्त दगावतात.

त्याआधी कागदपत्रांचं बघून घेऊ. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या परदेशी प्रजाती तेव्हापासून आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. सुलकाटा त्यांतलाच. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने परिवेश पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद करायची असते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. वनखात्याचं मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे भिवापूरकरांना शंका विचारायला मुंबई गाठावी लागत नाही. देणाऱ्याकडे नोंद नसेल तर प्रेमाखातरही पिल्लू घेऊ नका.

दुसरी खातरजमा म्हणजे हे पिल्लू खरोखर सुलकाटाच आहे ना. विकणारे कधीकधी आपलं भारतीय तारा कासव ‘आफ्रिकन’ म्हणून गळ्यात मारतात. तारा कासवाच्या गडद पाठीवर मधल्या ठिपक्यापासून फाकणाऱ्या पिवळ्या रेघा असतात. सुलकाटाचं पिल्लू गव्हाळ रंगाचं, प्रत्येक खवल्याच्या कडेला तपकिरी पट्टी, रेघा अजिबात नाहीत. मोठेपणी मागच्या मांड्यांवर कोंबड्याच्या आरीसारखे दोन-तीन जाड काटे येतात. तारा कासव २०१९ साली सायटिसच्या पहिल्या परिशिष्टात गेलं आणि आपल्या कायद्यातही आता ते पहिल्या अनुसूचीत आहे. ते घरात सापडलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. वाचून अंगावर काटा आला असेल तर बरंच आहे.

आता मूळ मुद्दा. सुलकाटाचा मुलूख म्हणजे सहाराच्या दक्षिण काठाची साहेल नावाची पट्टी. सेनेगल, मॉरिटानिया, माली, नायजर, चाड, सुदान, तिथून पुढे इथिओपियापर्यंत. वर्षातले आठ-नऊ महिने तिथे पाऊस नाही. पण कासव त्या उन्हात फिरत बसत नाही, ते बीळ खोदतं. काही मीटर लांबीच्या बिळाच्या तळाशी माती ओलसर असते, हवा दमट असते आणि बाहेर आग ओकत असतानाही तिथे तापमान सुसह्य राहतं. पिल्लं अंड्यातून बाहेर येतात ती साधारण पावसाळ्याच्या तोंडावर. वर चिखल, डबकी, कोवळं गवत. म्हणजे जन्मानंतरचे पहिले महिने ती ओलाव्यातच काढतात. आपण मात्र त्यांना वाळू भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवून वर दिवा लावतो.

याचा परिणाम पाठीवर लिहिला जातो. प्रत्येक खवल्याची वाढ त्याच्या कडेला होते. हवा कोरडी असेल तर नवा थर पसरायच्या आतच वाळून कडक होतो आणि वाढ वरच्या दिशेने ढकलली जाते, असं मानलं जातं. खवल्यांचे उंचवटे होतात, आणि झालेले उंचवटे पुन्हा बसत नाहीत. पूर्वी याचा दोष जास्त प्रथिनांच्या आहाराला दिला जायचा. विझ्नर आणि इबेन या दोन संशोधकांनी २००३ साली सुलकाटाच्या पिल्लांवरच केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठी त्याहून कोरड्या हवेतल्या पिल्लांपेक्षा कितीतरी सपाट राहिल्या. प्रथिनांचा परिणाम किरकोळ होता. पण उंचवटे हा दिसणारा भाग झाला. पिल्लाचं खरं नुकसान आत होतं. पाण्यावाचून मूत्रपिंडं कामातून जातात, महिनाभर बरं दिसणारं पिल्लू हळूहळू खाणं सोडतं आणि मालक म्हणतो, कालपर्यंत तर चांगलं होतं.

तेव्हा पिल्लासाठी नियम एकच: ऊब आणि ओल जोडीने. दिव्याखालच्या उन्हाच्या जागी ३५ ते ३८ अंश, बाकी पेटीत २७ ते ३०, रात्रीही २५ च्या खाली नाही आणि आर्द्रता ऐंशीच्या घरात. यासाठी वर झाकण असलेली पेटी हवी, उघड्या टबात ओल टिकत नाही. खाली नारळाच्या भुशाचा कोकोपीट तीन-चार बोटं जाड अंथरायचा आणि खालचा थर ओला ठेवायचा. धानाची तणस किंवा सोयाबीनचं कुटार घरात फुकट पडलेलं असतं, म्हणून ते घालायचा मोह होईल. घालू नका. कोरडं असेल तर ते ओल शोषतं, त्याची धूळ उडते आणि भिजलं की बुरशी धरतं. वाळूही नको, ती खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबवते. एका कोपऱ्यात छोटं मडकं आडवं ठेवून आत ओला कोकोपीट घाला. पिल्लू आपणहून तिथे शिरेल.

रोज सकाळी अंघोळ. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, पिल्लाची हनुवटी बुडणार नाही इतकंच, आणि वीस-तीस मिनिटं त्याला बसू द्या. ते पाणी पितं, शी-शू करतं. लघवीत पांढरट, दह्याच्या निवळीसारखं काही दिसलं तर घाबरू नका. तेच खरबरीत, वाळूसारखं लागलं तर पाणी कमी पडतंय. पण कासव म्हणून त्याला माशांच्या टाकीत सोडायचं नाही. हे जमिनीवरचं कासव आहे, पोहता येत नाही, बुडून मरतं.

विदर्भातल्या ऋतूंचं गणित सोपं नाही. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी जे तापमान होतं, त्यात बंद पेटीतलं पिल्लू तासाभरात मरू शकतं. त्या दिवसांत दिवसा दिवा बंदच ठेवायचा आणि पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीवर. आपल्याकडचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर इथे उपयोगी पडतो, कारण तो खोली थंडही करतो आणि हवेत ओलही आणतो. फक्त त्याचा झोत थेट पेटीवर नको. वीज गेली तर काय, याचा विचार आधीच करून ठेवा: ओलं गोणपाट, मातीची फरशी, पाण्याचं मडकं. पावसाळा सोपा वाटतो, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत चार-चार दिवस ऊन नसतं. गारठ्यासोबतची ओल मात्र फुप्फुसाला बाधते, तेव्हा दिवा चालू हवा. सर्वांत मोठा दगाफटका हिवाळ्यात. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. सुलकाटा शीतनिद्रा घेत नाही, ती सोय त्याच्या शरीरात नाहीच. थंडीत गप्प पडलेल्या पिल्लाला ‘झोपलंय’ म्हणून तसंच राहू देणं म्हणजे त्याला मरू देणं आहे. उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर आणि थर्मोस्टॅट या दोन वस्तूंवर पैसे खर्च करा, पेटी सुंदर नसली तरी चालेल.

ऊन हा मात्र भिवापूरचा मोठा फायदा. कवच बनायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते त्वचेत तयार व्हायला अतिनील-ब किरण. हे किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे काचेच्या पेटीत ठेवून दिलेलं ऊन फुकट जातं. सकाळी अर्धा तास अंगणात, जाळीच्या झाकणाखाली, निम्मी जागा सावलीत असेल असं ठेवा. जाळी कशाला, तर कावळा, घार, मुंगूस आणि शेजारचं कुत्रं यांच्यासाठी. लाल मुंग्यांवरही लक्ष ठेवा. झडीच्या दिवसांसाठी अतिनील-ब देणारी नळी वेगळी घ्यावी लागेल. साधी ट्यूब ते काम करत नाही.

आहार खरं तर स्वस्त आहे. हे गवत चरणारं जनावर. हरळी बारीक चिरून हा रोजचा मुख्य घास. जोडीला तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाचे तुकडे, अधूनमधून शेवग्याचा पाला. पालक आणि घोळ क्वचित, त्यांतली आम्लं कॅल्शियम अडवतात. फळं नकोत. पोळी, भात, दूध, कुत्र्या-मांजराचं खाणं हे कधीच नको. हे सांगावं लागतं, कारण घरातली आजी मायेने भात भरवतेच. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन पेटीत ठेवा. पिल्लू त्याला कुरतडत राहील.

गवत कुठून आणायचं हा प्रश्न भिवापूरला विशेष महत्त्वाचा. इथली मिरची नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि मिरचीवर फवारे बरेच मारावे लागतात. त्या वावराच्या धुऱ्यावरचं कोवळं, हिरवंगार गवत कापून आणाल तर फवाराही घरी येईल. कपाशी-सोयाबीनच्या धुऱ्यांचंही तसंच, तिथे तणनाशक असतं. त्यापेक्षा परातीत किंवा जुन्या टोपल्यात घरीच हरळी लावा. कण्हेर, घाणेरी, रुई, धोतरा आणि नाल्याकाठची बेशरम ही झाडं कासवाच्या वाटेत नसावीत.

पिल्लू बरं आहे का, हे तराजू सांगतो. किराण्याचा डिजिटल काटा घ्या, आठवड्यातून एकदा अंघोळीआधी वजन करा, वहीत लिहा. वजन वाढत नसेल, डोळे मिटलेले असतील, नाकातून फुगे येत असतील, तर वाट पाहू नका. सत्तरएक किलोमीटरवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलात तर एक गोष्ट तुम्हीच आठवणीने सांगा: आयव्हरमेक्टिन देऊ नका. गाई-शेळ्यांना जंतासाठी आणि गोचिडांसाठी सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवांना विषासारखं आहे, थोड्या मात्रेतही पक्षाघात होऊन कासव मरू शकतं. आणि घरच्यांसाठी: कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवा, अंघोळीचं भांडं स्वयंपाकघरात नेऊ नका. कासवांच्या अंगावर साल्मोनेला असतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू न देणंच बरं.

पुढचं बोलायला लोकांना आवडत नाही. गॅलापागोस आणि अल्डाब्राची राक्षसी कासवं सोडली तर जगातलं हे सर्वांत मोठं जमिनीवरचं कासव. पूर्ण वाढलेला नर पन्नास किलोंच्या आसपास, कधी त्याहून बराच जड, आणि आयुष्य सत्तर वर्षं किंवा अधिक. मालकाचं वय चाळीस असेल तर पुढची सोय आजच नातवंडांशी बोलून ठेवावी लागेल. शिवाय बीळ खोदण्याची खोड जात नाही. साहेलच्या रेताड जमिनीत बीळ टिकतं. आपली काळी कसदार माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिखल होऊन बिळात पाणी साचतं, भिंत ढासळते आणि कासव आत गाडलं जातं. त्यामुळे भिवापुरात मोठ्या सुलकाटाला जोत्यावर बांधलेली, कोरडी, हिवाळ्यात गरम करता येईल अशी खोली आणि पाया खोल घेतलेलं कुंपण हवं. घराच्या पायाशेजारी खोदू दिलंत तर भिंत जाईल.

गंमत अशी, की मायदेशात हे कासव संकटात आहे. रानातून पकडलेल्या सुलकाटांचा व्यापार सायटिसने २००० साली शून्यावर आणला. सेनेगलमध्ये डाकारजवळ नोफ्लाय इथे ‘कासवांचं गाव’ नावाचं केंद्र या प्रजातीसाठी झटत आहे. आणि अमेरिकेत, विशेषतः ॲरिझोनात, हौसेने आणून नकोशा झालेल्या सुलकाटांनी बचाव केंद्रं भरली आहेत. दोन्हीकडे प्राणी एकच.

तेव्हा जमणार नसेल तर वेळीच सांगा. नोंद असली की दुसऱ्या सक्षम माणसाकडे रीतसर देता येतं, वनखात्याशीही बोलता येतं. उमरेड-कऱ्हांडल्याचं जंगल जवळ आहे म्हणून तिथे मात्र सोडून यायचं नाही. पिल्लू थंडीने किंवा दातांखाली मरेल, आणि मोठं असेल तर घरातले रोग रानातल्या कासवांना देईल. असं ‘सोडून दिलेलं’ एक परदेशी कासव देशभरातल्या कितीतरी शहरांच्या तलावांत आज ठाण मांडून बसलं आहे. त्या लाल कानाच्या पाणकासवाबद्दल पुढच्या आठवड्यात.